दुसऱ्या क्रमांकाचे मैदान

हिंगोलीचे रामलीला मैदान ही शहरातली एक मोकळी जागा आहे. वर्षातले अकरा महिने तिथे मुद्दाम जाऊन पाहण्यासारखे काही नसते, म्हणूनच सगळे तिथे जातात. बाराव्या महिन्यात तिथे दसरा महोत्सव भरतो, रावण उभा राहतो, आकाशपाळणे फिरू लागतात आणि पाय ठेवायला जागा उरत नाही. तेव्हाही सगळे तिथेच जातात, फक्त या वेळी घरी सांगायला कारण असते. याच नावाचे मैदान दिल्लीतही आहे. २५ जून १९७५ ची जयप्रकाश नारायण यांची गाजलेली सभा झाली ती तिथे. ‘रामलीला मैदानावर अफाट गर्दी’ असा मथळा दिसला की हिंगोलीकर आधी खिडकीतून बाहेर बघतो आणि मग बातमी कुठली आहे ते वाचतो.

रामलीला हा काही मराठवाड्याचा घरचा खेळ नव्हे. संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यातले. इथल्या माणसाला राम भेटायचा तो कीर्तनात, आणि रावण भेटायचा तोही कीर्तनकाराच्याच आवाजात. त्याला बांबूची हाडे, कागदाची कातडी आणि दहा तोंडे देऊन मैदानात उभा करायची रीत उत्तरेची. ती इथवर पोचायला फौज उपयोगी पडली असणार. निजामाच्या राज्यात हिंगोली हे वऱ्हाडाच्या सीमेलगतचे लष्करी ठाणे होते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा इथे तळ असे. तिचा पगार निजामाचा, हुकूम इंग्रजांचा आणि शिपायांत मोठा भरणा हिंदुस्थानी, म्हणजे उत्तरेकडच्या लोकांचा. या फौजेच्या खर्चाची बाकी इतकी तुंबली की १८५३ मध्ये निजामाला त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. सुमारे त्याच काळात खाकीबाबा मठाच्या पुढाकाराने हिंगोलीत दसऱ्याचा हा उत्सव सुरू झाला, असे इथली परंपरा सांगते. म्हणजे उत्सवाने दीडशे वर्षे केव्हाच ओलांडली.

१९०३ मध्ये छावणी उठली. शिपाई गेले, घोडे गेले, पत्ते मात्र राहिले: पलटण, रिसाला, तोपखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. तोपखान्यात आज तोफ सापडत नाही आणि रिसाल्यात घोडा शोधावा लागतो. पेन्शनपुऱ्यात पेन्शनवाल्यांचा तुटवडा पडल्याचे मात्र ऐकिवात नाही. पुढे १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली. हिंगोली १९५६ मध्ये मुंबई राज्यात आली, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ ला परभणीतून वेगळी होऊन जिल्ह्याचे गाव झाली. दर बदलीला कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, जुनी दप्तरे नव्या कपाटांत गेली. रावण दर वर्षी मुळापासून जळतो, आणि तरी एवढ्या राज्यकर्त्यांत सेवाज्येष्ठ तोच.

गर्दीत हात मारण्याचा हिंगोलीचा लौकिक तर रामलीलेहूनही जुना आहे, आणि तो फारसा पवित्र नाही. ठगांच्या बंदोबस्ताच्या काळात, १८३० च्या आगेमागे, छावणीत हरिसिंग नावाचा एक असामी राहत असे. पुढे तो ठगांचा म्होरक्या निघाला. त्याचा एक उद्योग फिलिप मेडोज टेलर याने आपल्या १८३९ च्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत नोंदवला आहे. मुंबईहून एक व्यापारी कापड घेऊन येतो आहे, हे हरिसिंगाला कळले. त्याने रीतसर अर्ज करून इंग्रज कप्तानाकडून मुंबईचे कापड आणण्याचा परवाना काढला. मग वाटेत त्या व्यापाऱ्याला माणसांसकट संपवले, माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला. कागदपत्रांत काही म्हणता काही कमी नव्हते. पकडला गेल्यावर त्याने ही हकिकत स्वतःच सांगितली, आणि सांगताना तिच्यातली गंमत त्याला अजून पुरती संपलेली वाटत नव्हती. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात, या टोळीने माणसे मारल्याचेही टेलर लिहितो. दसऱ्याच्या गर्दीत आज कुणाचे पाकीट जाते, कुणाचा मोबाइल. तक्रार जरूर करावी, पण दोनशे वर्षांतली प्रगतीही ध्यानात घ्यावी.

म्हैसूरचा दसरा देशात पहिला आणि हिंगोलीचा दुसरा, हे हिंगोलीत पाढ्यांच्या आधी पाठ होते. हा निकाल कोणत्या परीक्षकांनी दिला, स्पर्धा कधी झाली, तिसरा कोण आला, असले प्रश्न बाहेरगावचा पाहुणाच विचारतो, आणि त्याला लगेच चहा पाजला जातो. म्हैसूरला वाडियारांचे घराणे आहे, राजवाडा आहे, सुमारे ७५० किलोच्या सुवर्ण अंबारीतून निघणारी चामुंडेश्वरी आहे. हिंगोलीला ना राजा, ना हत्ती. अंबारी आली तरी ठेवायची कुठे हा प्रश्न. दुसऱ्या जागेसाठी दावेदारही कमी नाहीत. बस्तरचा दसरा ७५ दिवस चालतो. कुलूचा तर बाकीच्यांचा संपतो त्या दिवशी सुरू होतो. राजस्थानात कोट्याची जत्रा आहे. यांतल्या प्रत्येकाला आपण निदान दुसरे आहोत याची खात्री आहे, आणि पहिले नाव सगळ्यांच्या यादीत म्हैसूरच. हिंगोली या भांडणात पडत नाही, कारण तिच्या बाजूने भांडण कधीच मिटलेले आहे. शिवाय दुसऱ्या क्रमांकाला खर्च कमी. पहिला क्रमांक टिकवायला हत्ती पोसावे लागतात. दुसरा नुसता सांगितला की टिकतो.

एरवीच्या दिवसांत मैदानाचा कारभार अंधारातच सुरू होतो. सगळ्यांत आधी येतात ती भरतीची पोरे आणि पोरी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचे असते. सेकंदाला गुण जात असल्याने प्रत्येक टोळीत एक जण मोबाइलवर वेळ लावून उभा असतो. कुणी कसे पळावे यावर सर्वांत जास्त तोच बोलतो, आणि तो स्वतः कधी पळताना दिसत नाही. उजाडता उजाडता दुसरी तुकडी येते, ती शुगरवाल्यांची. पहिल्या तुकडीला सरकारने पळायला लावलेले असते, दुसरीला डॉक्टरने चालायला. दोन्ही तुकड्या एकाच वर्तुळात, पण उलट्या दिशांनी फिरतात, त्यामुळे त्या दर फेरीला एकमेकींना भेटतात. तरणी पोरे ‘काका, बाजूला’ म्हणत जातात. काका बाजूला होत नाहीत, कारण ते सोयाबीनच्या भावावर बोलत असतात.

चालणाऱ्यांत नमस्काराची जागा हळूहळू रक्तातल्या साखरेने घेतली आहे. ‘राम राम’नंतर लगेच ‘उपाशीपोटी किती?’ हे येते. एकशे वीस सांगणाऱ्याकडे सगळे संशयाने पाहतात. दोनशे दहावाल्याला मान मिळतो, त्याला मधे घेऊन चालतात आणि कारले, मेथी, जांभळाच्या बिया यांपैकी त्याने काय सुरू करावे यावर मतदान होते. तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या की मंडळी घामाघूम होऊन कचोरीच्या गाड्यावर थांबतात. फेऱ्या मोजणारा आणि कचोऱ्या मोजणारा माणूस सहसा एकच नसतो.

दुपारी मैदान गुराढोरांकडे जाते. अमेरिकेतल्या बोस्टन शहराचे मोठे उद्यान हेही मुळात १६३४ मध्ये राखलेले गावाचे कुरण. तिथे १८३० पासून गाईंना बंदी झाली. ही बातमी हिंगोलीच्या गाईंपर्यंत अजून पोचलेली नाही. त्या मधोमध बसतात, आणि त्यांना वळसे घालत गावातल्या नव्या चारचाक्या शिकवणी घेतात. चारचाकी शिकायला शिकणारा एकटा येत नाही. मागच्या आसनावर आई, वहिनी, दोन पोरे आणि एक मावसभाऊ असतो. शिकवतात सगळे, ब्रेक कुणीच दाबत नाही, आणि गाय उठत नाही. आजवर गाडीलाच थांबावे लागले आहे.

ऊन कलले की क्रिकेट. मैदान एक आणि सामने सात, त्यामुळे एका सामन्याचा लाँगऑन हा शेजारच्या सामन्याचा यष्टिरक्षक असतो आणि झेल कुणाच्या खात्यात धरायचा यावर दोन्ही सामने थांबतात. चेंडू गाईला लागला तर दोन धावा, मागे राहून गेलेल्या एका आकाशपाळण्याच्या गंजक्या सांगाड्याखाली गेला तर एक, आणि बसलेल्या म्हाताऱ्यांत गेला तर बाद, कारण तो परत मिळत नाही. हे म्हातारे म्हणजे मैदानाचे कायम सभासद. त्यांच्याजवळ थांबून एखाद्याने विचारले, ‘काका, कुठं चाललाव?’ तर उत्तर ठरलेले असते, ‘कुठं न्हाई. बसलाव.’ या ‘बसलाव’मध्ये निवृत्तीनंतरची पंधरा-पंधरा वर्षे मावलेली असतात.

मैदानाचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे पालिकेची बाग, आणि ती कोणत्याही गावची घेतली तरी चालते. बागेला कुंपण असते, फाटक असते, फाटकाला वेळ असते आणि वेळेला कुलूप असते. आत ‘गवतावर बसू नये’ ही पाटी असते. गवत वाळून गेले तरी पाटी हिरवीगार राहते. घसरगुंडीचा पत्रा उन्हात तापतो, झोपाळ्याची एक साखळी तुटलेली असते, आणि व्यायामाच्या लोखंडी यंत्रांवर दोरी बांधून रखवालदाराने धुणे वाळत घातलेले असते. बागेत माणसाने काय करू नये ते नीट ठरवून दिलेले असते. मैदानात कुणी काहीच ठरवलेले नसल्याने तिथे सगळे होते. मुंबईच्या शिवाजी पार्कलाही मोठेपण आले ते झाडाफुलांनी नव्हे. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झालेले आणि १९२७ मध्ये शिवाजी महाराजांचे नाव मिळालेले ते मैदान ओळखले जाते ते मधल्या मातीसाठी आणि भोवतीच्या कट्ट्यासाठी. एकीवर खेळायचे आणि दुसऱ्यावर बसून खेळणाऱ्यांच्या चुका काढायच्या.

भाद्रपदात गर्दीची तालीम होते. गड्डेपीर गल्लीतला चिंतामणी गणपती नवसाच्या मोदकासाठी प्रसिद्ध आहे, आणि अनंत चतुर्दशीला मोदक न्यायला व नवस फेडायला भाविकांचे लोंढे हिंगोलीत उतरतात. पोलिसांचे कठडे, वळवलेले रस्ते, बंद पडलेले मोबाइल हे सगळे त्या दिवशी एकदा होऊन जाते. मग पितृपक्ष संपतो, घटस्थापना होते आणि मैदान हळूहळू दिसेनासे होऊ लागते. आधी खड्डे पडतात, मग खांब, मग पत्रे, मग ट्रकमधून पाळण्यांचे सुटे भाग. सगळे जोडून झाल्यावर बाजूला नेहमी दोन-चार नटबोल्ट उरलेले असतात. पाळणेवाला ते खिशात टाकतो. हे ज्याने पाहिले तो त्या वर्षी पाळण्यात बसत नाही.

महोत्सवातल्या या प्रदर्शनाचे भवितव्य पाळणेवाल्याच्या हाती नसते, ते सोयाबीनच्या हाती असते. दसऱ्याच्या सुमारास जिल्ह्यात सोयाबीनची काढणी चालते. माल वाळला, भाव बरा लागला, तर मौत का कुआँ रात्री बारापर्यंत चालतो. परतीचा पाऊस काढणीच्या ढिगावर पडला, तर लोक येतात, हिंडतात, भाव विचारतात आणि एका पापडात चौघे परततात. हळदीचा पैसा उन्हाळ्यात येतो, तो दसऱ्यापर्यंत उरत नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण आकाशपाळण्याच्या तिकिटाला मानांकन चालत नाही.

मौत का कुआँमध्ये मोटारसायकलवाला फळ्यांच्या उभ्या भिंतीवर हात सोडून फिरतो आणि कठड्यावरून पुढे केलेली दहाची नोट अलगद उचलतो. वीसची पुढे केली तर तो जास्त वर येतो, असे जाणकार सांगतात. त्याच्या शेजारी ‘हर माल’ दुकानांची रांग. तिथे बायका रोळी, सांडशी, चहाची गाळणी आणि केसांच्या पिना घेतात. गाळणी घरी तीन आधीच असतात. पुढे थाळीएवढे पापड, गोबी मंचुरियन, बुढ्ढी के बाल. प्रदर्शनाला जाताना ‘घरीच जेवून जाऊ’ असे ठरते आणि घरी जेवूनही होते. त्याचा मंचुरियनवर काहीही परिणाम होत नाही.

या सगळ्यावर राज्य असते ते ध्वनिक्षेपकावरच्या निवेदकाचे. त्याच्या कामाचा मोठा भाग हरवले-सापडले हा. ‘लाल शर्ट आणि निळी चड्डी घातलेला मुलगा मंचावर बसलेला आहे’ असे तो म्हणतो तेव्हा निम्म्या मैदानाचा जीव खालीवर होतो, कारण सणाचे कापड एकाच दुकानातून घेतलेले असते. मुलाला नाव विचारले तर तो ‘पिंट्या’ सांगतो, बापाचे नाव विचारले तर ‘पप्पा’. मोठ्यांचे हरवणे अधिक गुंतागुंतीचे. ‘कळमनुरीहून आलेल्या आत्याबाईंनी जिथे असतील तिथून आकाशपाळण्याखाली यावे.’ पाळणे चार असतात. आत्याबाई चारही पाळण्यांखाली जाऊन येतात. त्यांना शोधणारे भाचे त्यांच्या मागोमाग तोच फेरा घालतात, आणि रीतीप्रमाणे दोघांची भेट शेवटी बसस्थानकावर होते.

या गलबल्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होऊ घातली आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेले हे यंत्र प्रोटॉनच्या व्यासाच्या कित्येक हजाराव्या भागाएवढे हलणेही मोजते. अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे आदळल्याचे त्यात कळेल. अशा यंत्राला शांत परिसर लागतो, म्हणून देशभर शोध घेऊन हा जिल्हा निवडला गेला. शोध घेणारे पथक दसऱ्यात आले नसावे.

रामलीलेच्या मंडपात गर्दी वेगळी. तुलसीदासांच्या रामचरितमानसावरचा हा खेळ, बोली अवधीकडची, प्रेक्षक मराठी आणि मधून मधून दखनी बोलणारे. भाषेची अडचण कुणालाही येत नाही, कारण गोष्ट सगळ्यांना नटांपेक्षा जास्त पाठ असते. नट एखादी ओळ विसरला तर पहिल्या रांगेतली आजी ती मराठीत पुढे चालवते. लहान मुले हनुमानासाठी येतात आणि लंका पेटली की झोपतात. सीतेला पळवून नेण्याच्या रात्री बायकांची गर्दी जास्त. कैकेयीच्या रात्री त्याहून जास्त, आणि तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, असे एखादीचे मत घरी परतताना हळूच ऐकू येते. रामाला नमस्कार करायला रांग लागते. रावणाचे काम करणारा मात्र मंडपामागे एकटा विडी ओढत बसलेला असतो, आणि नवरात्रभर त्याच्याइतका सभ्य माणूस मैदानात दुसरा सापडत नाही.

विजयादशमीला मोठा रावण. अलीकडे त्याची उंची ५० फुटांच्या आसपास जाते. त्याच्यावर कित्येक दिवस काम चालते आणि तो पंधरा मिनिटांत संपतो. पुष्कळदा परतीचा पाऊस अगोदर गाठतो. भिजलेला रावण ही कोणत्याही आयोजन समितीची खरी कसोटी. बाण लागतो, फटाके उडतात, एक मिशी पेटते आणि विझते, नऊ तोंडे ओली उभी राहतात. मग रॉकेलची नाही तर डिझेलची धावपळ होते, आणि रामाला धनुष्य घेऊन मंचावर तिष्ठावे लागते. वाल्मीकींच्या रामायणात डिझेलची सोय नव्हती.

दुसरी अडचण निवडणूक आयोगाची. विधानसभेची मतदाने दसऱ्याला खेटून येण्याचा राज्यात प्रघातच पडला आहे. २०१४ मध्ये दसरा ३ ऑक्टोबरला आणि मतदान १५ ला. २०१९ मध्ये दसरा ८ ला आणि मतदान २१ ला. दोन्ही वेळा आचारसंहिता लागू. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला झाला आणि संहिता १५ ला लागली. तीन दिवसांच्या या सवलतीचे मोल पुढाऱ्यांना पुढे वाटले असणार. समोर एवढी गर्दी जमलेली आणि बोलायला बंदी, यापेक्षा मोठी शिक्षा पुढाऱ्याला नाही. अशा वर्षी राज्यभरातल्या दसऱ्यांत दहा तोंडे उघडी ठेवून बिनधास्त उभा राहू शकतो तो एकटा रावण. ज्या वर्षी संहिता नसते त्या वर्षी भाषणे होतात, प्रत्येक वक्ता ‘आपल्यातला रावण’ जाळायला सांगतो, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ठरावीक कुणीतरी असते.

रावण कोसळला की आपट्याची पाने निघतात. खरा आपटा मिळणे कठीण, बाजारात बरीचशी कांचनाची पाने आपटा म्हणून खपतात, आणि ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत ती एका हातातून दुसऱ्या हातात अशी फिरतात की रात्री घरी पोचलेले पान मघाशी आपणच दिलेले होते की काय, हे सांगता येत नाही. गर्दी फुटायला दोन तास लागतात. चप्पल हरवलेले लोक थोडा वेळ मागे थांबतात आणि मग त्यातल्या त्यात मापाची घालून जातात.

प्रदर्शन पुढेही काही दिवस रेंगाळते. भाव उतरतात, गाळणी दहाची पाचला मिळते, पाळण्यावर एकाच तिकिटात दोन फेऱ्या बसतात. मग ट्रक येतात, सांगाडे उतरतात, आणि मैदान पुन्हा दिसू लागते, यावेळी खड्ड्यांसकट. ते कुणी बुजवायचे यावर पाळणेवाला मंडपवाल्याकडे बोट दाखवतो, मंडपवाला कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदाराचा फोन लागत नाही. भरतीची पोरे आठवडाभर लंगडत पळतात. पहिला खड्डा बुजतो तो क्रिकेटच्या खेळपट्टीवरचा, आणि तो पोरांनीच विटांचे तुकडे घालून बुजवलेला असतो. बाकीचे तसेच राहतात. पुढल्या वर्षी मंडपवाल्याला ते आयते सापडतात.